बांधींतील शेवाळ आणि धानाचें गणगोत

रोवणी आटोपून पंधरा-वीस दिवस लोटले, आभाळ थोडें उघडलें आणि बांधींतील उभ्या पाण्यावर ऊन पडूं लागलें, कीं त्या पाण्यावर हिरवा थर धरूं लागतो, हें धान पिकविणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याच्या पाहण्यांतलें आहे. या थरास आपण सर्वजण एकच नांव देतों, तें म्हणजे शेवाळ. तलावाच्या पाळीशीं सांचलेलें तेंही शेवाळ, विहिरीच्या कांठावर मखमलीसारखें वाढलेलें तेंही शेवाळ, आणि पावसाळ्यांत घराच्या कौलांवर धरणारें तेंही शेवाळच. नांव एक म्हणून वस्तु एक, आणि वस्तु एक म्हणून उपायही एक, असें आपण धरून चालतों. ही समजूत शेतकऱ्याचें नुकसान करणारी आहे व ती आतां सोडून दिली पाहिजे, असें आमचें मत आहे.

आम्ही वनस्पतिशास्त्राचे पंडित नव्हे. आमचें शिक्षण मराठी सातवीपुरतें, आणि उमर महसूल खात्याच्या कारकुनींत गेली. सातबारा, फेरफार व वारसांच्या नोंदी यांपलीकडे आमची विद्या नाहीं. तेव्हां या विषयावर आम्हीं लेखणी कां उचलली, असें वाचक विचारतील. त्याचें कारण गेल्या खरिपांत आमच्याच हातून घडलेली एक चूक हें होय; ती लपवून उपदेश करणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं.

एटापल्लीजवळ आमची थोडी वडिलोपार्जित बांधी आहे. रोवणीनंतर आम्हीं सुपर फॉस्फेट उभ्या पाण्यावरच फेंकलें. पुढें आठवडाभर उघाड पडली, आणि पाण्यावर हिरव्या धाग्यांची जणूं गोधडीच पसरली. वाऱ्यानें ती एका कोपऱ्यांत लोटली, कीं कोंवळीं रोपें तिच्याखालीं दबत. आम्ही एका दुकानीं गेलों. तेथें मोरचूद टाकण्याचा सल्ला मिळाला. आम्हीं तो मानला, आणि सांगितलें होतें त्याहून अधिकच टाकला. कारण विष जितकें जास्त तितकें काम लवकर, अशी आमची समजूत. शेवाळ पिवळें पडून खालीं बसलें. तिसऱ्या दिवशीं मोठा पाऊस झाला, धुरा फुटला, आणि तें पाणी खालच्या अंगास असलेल्या शेजाऱ्याच्या बोडींत उतरलें. दुसऱ्या सकाळीं बोडींतील मासे पोट वर करून तरंगत होते. शेजारी भांडला नाहीं. तो एवढेंच म्हणाला, "भाऊ, घाण तुमच्या बांधींत होती, मासे माझे कां मेले?" आम्हीं त्याची भरपाई केली, परंतु प्रश्नाचें उत्तर आमच्यापाशीं नव्हतें. आणि खरी लाज पुढेंच वाटली. पंधरा दिवसांत तेंच हिरवें शेवाळ आमच्या बांधींत पुन्हा पूर्ववत् दाट झालें.

तेव्हांपासून आम्हीं या विषयाची चौकशी आरंभिली. जाणत्या मंडळींस विचारलें, एक साधें भिंग मिळविलें, आणि वाचतां येईल तें वाचलें. त्यांतून पहिली गोष्ट ही कळली, कीं बांधींत ज्यास आपण शेवाळ म्हणतों, त्यांत निदान चार निरनिराळ्या कुळांची मंडळी एकत्र नांदत असतात.

पहिलें निळें-हिरवें शेवाळ. हाताला बुळबुळीत लागणारे काळपट-हिरवे गोळे किंवा पातळ कातडीसारखा थर, असें त्याचें रूप असतें. नॉस्टॉक, ॲनाबिना हीं त्यांतील नांवें. खरें पाहतां ही वनस्पति नव्हेच. ती जिवाणूंच्या जातीची आहे. परंतु हिच्यातील कित्येक जातींच्या अंगीं एक मोठा गुण आहे. हवेंतील नत्र धरून त्याचें खत बनविणें त्यांस साधतें. धानाच्या बांधींत खत न घालतांही वर्षानुवर्षें पीक कसें येतें, या प्रश्नाचें उत्तर शोधतांना पी. के. डे यांनीं १९३९ सालीं हें कार्य या शेवाळाचें आहे असें दाखवून दिलें. आणि बनारसचे आर. एन. सिंग यांनीं १९५० च्या सुमारास याच शेवाळाच्या साह्यानें ऊसर जमीन सुधारतां येते, असें प्रतिपादन केलें. अनुकूल स्थितींत तें हेक्टरीं २० ते ३० किलो नत्र एका हंगामांत देतें, असा शेतकी खात्याच्या शिफारशींतला अंदाज आहे.

दुसरें हिरव्या धाग्यांचें शेवाळ. यांत पुन्हां पोटभेद आहेत. रेशमासारखें मऊ व निसटतें लागतें तें बहुधा स्पायरोगायरा. कापसासारखें खरखरीत लागतें तें निराळें. आणि मासे धरण्याच्या जाळ्यासारखीं घरें दिसतात तें आणखी निराळें. तिसरें कारा. हें चिखलांत रोवून उभें राहतें, पेराशीं पेर धरून त्याला चक्राकार फांद्या फुटतात, अंगावर चुन्याची पुटें चढतात, आणि चुरडल्यास लसणासारखा उग्र वास येतो. चवथें ॲझोला. हें तर शेवाळ नव्हेच; हें नेच्याच्या जातीचें, म्हणजे जमिनीवरील वनस्पतींच्याच घराण्यांतलें असून पाण्यावर राहावयास गेलेलें आहे. आणि विहिरीच्या कांठावरील मखमल म्हणजे हरिता. तीही जमिनीवरचीच वनस्पति होय. खताच्या दुकानांत बाटलींत मिळणारा समुद्री शेवाळाचा अर्क हा तर बहुतेक तपकिरी अगर तांबड्या जातीचा असतो. त्याचा बांधींतील या मंडळींशीं जवळचा संबंध नाहीं. आपल्या भागाचीही नोंद झालेली आहे. एन. डी. कामत यांनीं विदर्भांतील शैवालांवरील आपला लेख १९७५ सालीं मुंबईच्या निसर्ग-इतिहास संस्थेच्या नियतकालिकांत प्रसिद्ध केला. म्हणजे विद्वानांनीं आपल्या तलावांची पीकपाहणी केली; ती आपल्या वाचनांत मात्र आली नाहीं.

आतां या मंडळींचें धानाशीं नातें काय, हा प्रश्न घेऊं. हा प्रश्न आमच्या जुन्या धंद्यास अगदीं जवळचा आहे. कारण तो शुद्ध वारसाचा प्रश्न आहे. गांव नमुना सहा-क लिहितांना आम्हांस एक गोष्ट शिकावयास मिळाली, ती ही कीं तोंडावळ्यावरून वारस ठरवूं नये. एकदां एका मयत खातेदाराचा मुलगा म्हणून एक इसम पुढें आला. चेहरा हुबेहूब तोच. साऱ्या गांवानें तशी साक्ष दिली. कागद पाहिले तेव्हां तो चुलत घराण्यांतला निघाला, आणि खरा वारस म्हणून जो ठरला त्याच्याकडे कोणीं ढुंकूनही पाहिलें नव्हतें. वनस्पतींच्या वंशावळींतही अगदीं असेंच घडलें आहे.

हिरवें शेवाळ व जमिनीवरील वनस्पति हे एका रक्ताचे आहेत, ही गोष्ट फार पूर्वींच ठरली होती. दोघांच्या अंगांत हिरवा रंग तोच, दोघांच्या पेशीची भिंत सेल्युलोजची, आणि दोघेही आपली शिल्लक स्टार्चच्या रूपानें त्या हिरव्या कणांतच सांठवितात. याची परीक्षा कोणासही घरीं घेतां येईल. तांदळाच्या पिठावर आयोडीनचा एक थेंब टाकावा. तें निळें-काळें होतें. हिरवे रेशमी धागे घेऊन त्यांवर तोच थेंब टाकावा व भिंगांतून पाहावें. धाग्यांतही काळे ठिपके उमटतात. निळ्या-हिरव्या शेवाळावर मात्र तो निळा रंग येत नाहीं. कारण त्याच्या अंगीं स्टार्च नसतो.

पण हिरव्या शेवाळांतील कोणती शाखा सर्वांत जवळची? प्रथम दावा आला तो फ्रिट्शिएला नांवाच्या जातीचा. मद्रासचे प्रसिद्ध शास्त्रज्ञ एम. ओ. पी. अय्यंगार यांनीं १९३२ सालीं तिचें वर्णन केलें. ती ओल्या मातींत राहते. तिचा कांहीं भाग मातींत पसरतो व कांहीं वर उभा राहतो. मूळ व खोड यांचा हा आरंभच नव्हे काय, असें पुष्कळांस वाटलें, आणि आपल्या देशांतील एका इवल्याशा जातीस जगांतील पाठ्यपुस्तकांत मानाचें स्थान मिळालें. पुढें १९७० नंतर पेशी दुभागतांना मधली भिंत कशी घातली जाते, हें सूक्ष्मदर्शकाखालीं पाहण्यांत आलें, तेव्हां फ्रिट्शिएलाची रीत निराळी निघाली. ती हिरव्या शेवाळांच्या दुसऱ्याच घराण्यांतली ठरली. दुसरा दावा काराचा. पेरें, फांद्या, आईच्याच अंगावर जपून ठेवलेलें बीजांड, हें सर्व पाहून हाच खरा वारस असें पुष्कळ दिवस मानलें जात होतें. कारा त्याच घराण्यांतला आहे खरा. पण सर्वांत जवळचा नव्हे.

अखेरचा निकाल कागदावरून लागला. येथें कागद म्हणजे पेशींतील आनुवंशिक लेख. २०१४ सालीं प्रथम, आणि २०१९ सालीं हजारांहून अधिक जातींचे लेख ताडून पाहिल्यावर असें ठरलें, कीं जमिनीवरील सर्व वनस्पतींचा सर्वांत जवळचा भाऊ म्हणजे स्पायरोगायरा ज्या गटांत मोडतो तो गट. ज्याला मूळ नाहीं, खोड नाहीं, पान नाहीं, जो नुसता एक निसटता धागा आहे, तोच! ज्याच्यावर आम्हीं मोरचूद ओतला, तो धानाचा चुलतभाऊ निघाला. वाचकांनीं एवढें मात्र ध्यानांत ठेवावें, कीं तो धानाचा आजा नव्हे. दोघांचाही मूळ पुरुष कोट्यवधि वर्षांपूर्वीं होऊन गेला. एक शाखा पाण्यांत साधी राहिली व दुसरी जमिनीवर येऊन विस्तारली.

निळ्या-हिरव्या शेवाळाचें नातें याहूनही चमत्कारिक आहे. शंभर कोटींहून अधिक वर्षांपूर्वीं त्या जातीचा एक जीव दुसऱ्या एका पेशींत शिरला आणि तेथेंच राहिला. आज धानाच्या पानांत जे हिरवे कण आहेत, ते त्याचेच वंशज होत. आमच्या भाषेंत सांगावयाचें तर तो त्या पेशींत कूळ म्हणून आला व कायमचा कब्जेदार झाला. तेव्हां जो बाहेर राहून धानास नत्र देतो, त्याचाच पुरातन नातलग धानाच्या आंत राहून त्यास अन्न करून देतो.

ही मंडळी पाण्यांतून जमिनीवर आली कशी, याचा विचार करतां आमच्या मनास एक गोष्ट फार पटली. तीं पहिलीं झाडें समुद्रांतून एकदम वर आलीं असें शास्त्रज्ञ मानीत नाहींत. काराचें व स्पायरोगायराचें हें घराणें गोड्या पाण्याचें व ओल्या मातीचें आहे. जें पाणी पावसाळ्यांत भरतें आणि उन्हाळ्यांत आटतें, अशा उथळ डबक्यांत राहणाऱ्या जीवापुढें दोनच मार्ग असतात. एक मरणें, अथवा कोरड्या दिवसांची तरतूद करणें. स्पायरोगायरा ही तरतूद करतो. पाणी आटूं लागलें कीं दोन धागे शेजारीं येतात, शिडीच्या पायऱ्यांप्रमाणें एकमेकांस जोडले जातात, एकाचा जीव दुसऱ्यांत जातो आणि जाड कवचाचा एक दाणा तयार होतो. तो दाणा मातींत पडून राहतो व पुढल्या पावसांत उगवतो. मृगाचे पाऊस पडून बांधींत पाणी थांबलें, कीं कोणीं न पेरतां आठ-दहा दिवसांत शेवाळ कोठून येतें, याचें उत्तर यांत आहे. २०१९ सालीं या गटांतील दोन मातींत राहणाऱ्या जातींचे संपूर्ण लेख वाचण्यांत आले. पाण्याचा ताण पडला असतां वनस्पति ज्या साधनांनीं तो ओळखते, त्यांतील कांहींचा आरंभ या शेवाळांत सांपडला. आणि तीं साधनें त्यांच्या पूर्वजांनीं मातींतील जिवाणूंपासून मिळविलीं असावींत, असें त्या शोधकांचें म्हणणें आहे. पाऊस ओढ देतो तेव्हां आपला धान पानें गुंडाळून तग धरतो. त्या विद्येची पहिली अक्षरें अशाच डबक्यांत गिरविलीं गेलीं.

जमिनीवरील वनस्पतींचे सर्वांत जुने बीजकण सुमारें ४७ कोटी वर्षांपूर्वींच्या खडकांत मिळाले आहेत. आपल्या जिल्ह्याच्या सिरोंचा तालुक्यांत वडधम येथें दगड झालेलीं झाडें पाहण्यास लोक जातात व चकित होतात. तीं पाहावींतच, परंतु त्या झाडांचें मूळ ठिकाण कसें असेल हें ज्यास पाहावयाचें असेल, त्यानें दूर जाण्याचें कारण नाहीं. आषाढांत भरणारी व माघांत भेगाळणारी आपली बांधी हा त्या स्थळाचा चांगला नमुना आहे. आलापल्लीच्या जंगलांतील गगनास भिडणारे साग आणि आपल्या पायाखालचा हा निसटता धागा हे एकाच घरचे, हें समजल्यावर आमची बांधीकडे पाहण्याची दृष्टि पालटली, हें आम्ही प्रांजळपणें कबूल करतों.

यावर कोणी व्यवहारी गृहस्थ म्हणतील, "वंशावळ ऐकून पोट भरत नाहीं. पन्नास कोटी वर्षांपूर्वीं कोण कोणाचा भाऊ होता, हें कळून आमच्या धानाला एक ओंबी तरी अधिक येईल काय?" हा आक्षेप योग्य आहे, आणि त्यास उत्तर देणें हाच या लेखाचा हेतु आहे.

पहिलें असें, कीं हिरवें शेवाळ व धान हे जवळचे नातलग असल्यामुळें एकाच्या अंगावर घातलेला घाव दुसऱ्यास लागण्याचा संभव नेहमींच असतो. जें विष हिरव्या पेशीस मारतें, तें अधिक झाल्यास कोंवळ्या रोपासही सोडीत नाहीं. दुसरें असें, कीं मोरचुदाचा मार हिरव्या शेवाळापेक्षां निळ्या-हिरव्या शेवाळास बहुधा लवकर बसतो. म्हणजे आम्हीं विष ओतलें तें उपद्रवी धाग्यांसाठीं, आणि आधीं मेला तो फुकट नत्र देणारा गडी. धागे मात्र पंधरवड्यांत परत आले. तिसरें, पावसाच्या पाण्यांत चुना कमी असतो, आणि अशा हलक्या पाण्यांत मोरचूद माशांस अधिकच बाधतो. शेजाऱ्याच्या प्रश्नाचें उत्तर आम्हांस इतक्या उशिरां मिळालें.

चवथी गोष्ट युरियाची, आणि ती सर्वांच्या खिशाची आहे. शेवाळ दिवसां उन्हांत पाण्यांतील कर्बाम्ल वायु ओढून घेतें. त्यामुळें दुपारपर्यंत पाणी अल्क बनतें. त्याचा पीएच ९ च्याही वर जातो. अशा पाण्यावर युरिया फेंकला, कीं त्यापासून होणारा अमोनिया पिकाच्या मुळाशीं न जातां वाफेच्या रूपानें हवेंत उडून जातो. उभ्या पाण्यावर शेवाळ दाट असतां भर दुपारीं युरिया फेंकणारा शेतकरी आपला पैसा आभाळास दान देतो. शिवाय जें नत्र पाण्यांत राहतें, तें असेपर्यंत निळें-हिरवें शेवाळ हवेंतील नत्र धरण्याचें काम बहुतांशीं थांबवितें. घरांत आयतें आलें तर कमावण्याचे कष्ट कोण करील?

तेव्हां कर्तव्य काय, तें थोडक्यांत सांगतों. स्फुरदाचें खत उभ्या पाण्यावर फेंकूं नये; चिखलणीच्या वेळींच मातींत मिसळून द्यावें. पाण्यांतील स्फुरद व मोकळें ऊन हेंच शेवाळाचें मुख्य बळ आहे. थर दाट झालाच तर पाण्याची सोय पाहून दोन-तीन दिवस बांधी उतरवावी; पण जमिनीस भेगा पडूं देऊं नयेत. पाऊस बेभरंवशाचा असल्यास पाणी न सोडतां बांबूच्या दाताळ्यानें थर ओढून काढावा व उकिरड्यांत टाकावा; तो उत्तम कुजतो. धान फुटून पाण्यावर सांवली धरूं लागला, कीं शेवाळ आपोआप हटतें. म्हणून अर्धी लढाई केवळ धीर धरण्याची आहे. युरिया देतांना पाणी कमी करावें, तो निंदणाच्या वेळीं चिखलांत मिसळावा, आणि मग पुन्हां पाणी घ्यावें. निळ्या-हिरव्या शेवाळाचें वाळविलेलें विरजण मिळाल्यास रोवणीनंतर सुमारें आठवड्यानें हेक्टरीं १० किलो, म्हणजे एकरीं ४ किलो, या मानानें उभ्या पाण्यावर टाकावें. मात्र तें खतास जोड म्हणून, खताच्या ऐवजीं नव्हे. आणि ज्या बांधीचें पाणी खालीं बोडींत अगर तलावांत उतरतें, तींत मोरचूद टाकूंच नये. आपल्या भागांत कोणत्या बांधीचें पाणी खालीं उतरत नाहीं?

शेवटचा मुद्दा तलावांचा. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा व गोंदिया या जिल्ह्यांतील जुने मालगुजारी तलाव ही आपल्या पूर्वजांची ठेव आहे. बांधींतून वाहिलेलें खत अखेर त्यांत उतरतें, त्यांत शेवाळ माजतें, तें कुजून पाण्यांतील प्राणवायु संपतो आणि मासे गुदमरतात. मग आपण गाळ काढण्यासाठीं सरकारकडे अर्ज करतों. अर्ज जरूर करावा. आमची हयात अर्ज वाचण्यांत गेली आहे, व खऱ्या अर्जाची किंमत आम्ही जाणतों. परंतु जो दोष आपल्या धुऱ्यावरून वाहतो, तो बंद करण्यास कोणत्याही कचेरीची मंजुरी लागत नाहीं.

आमची सभासद बंधूंस एवढीच विनंति आहे, कीं आपल्या संस्थेनें प्रत्येक मोठ्या गांवीं एक चांगलें भिंग ठेवावें, पावसाळ्यांत एक दिवस तेथील बांधींतील शेवाळ काढून शेतकऱ्यांस व शाळेंतील मुलांस दाखवावें, आणि शंका पडेल तेथें नमुना सिंदेवाहीच्या कृषि संशोधन केंद्राकडे पाठवून विचारावें. खर्च थोडा आहे. निरनिराळ्या खातेदारांची जमीन एकाच नांवावर चढविली तर तंटे होतात, हें आपण सर्व जाणतों. शेवाळाच्या बाबतींत तीच चूक आपण पिढ्यानुपिढ्या करीत आलों. येत्या रोवणीपूर्वीं ही नोंद दुरुस्त व्हावी, ही आमची इच्छा आहे. आणि शेजाऱ्याच्या बोडींत मासे पुन्हां सोडले आहेत, ते या वर्षीं जगावेत, हीही.